थँक्यूवाले देवमनजी

कार्यक्रमात कोणाले काय द्यायचं, हे आमच्या अमरावतीत ठरलेलं हाये. ज्याच्यापाशी पैसा त्याले अध्यक्ष करा. ज्याच्यापाशी चारचाकी तो प्रमुख पाहुणा. गळा साजरा असला तर सूत्रसंचालन, मास्तर असला तर प्रास्ताविक. अन् एवढं सगळं वाटून झाल्यावर जो माणूस उरते, ज्याले द्यायले काहीच नाई पण नाई द्यावं तर फुगून बसन, त्याले आभार. माह्या नवऱ्याले आभार भेटले, अन् ते त्यायले जल्मभर पुरले.

मी दुर्गाबाई. नवऱ्याचं नाव देवमन तायडे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शिपाई होते, आता रिटायर. मी त्यायले नावानंच देवमनजी म्हणतो. सासू होती तोवर मी त्यायले ‘आयकलं का’ म्हणत होती. सासू गेली अन् म्हटलं, जो माणूस अख्ख्या जिल्ह्याची नावं घेत फिरते, त्याचं नाव घ्यायले मले काय धाड भरली? अन् तुमी बाई असून ‘म्हणतो, जातो, येतो’ काहून करता, असं माह्या सुनेनं घरात आल्या-आल्या इचारलं होतं. माधवी तिचं नाव, पुण्याची हाये. तिले सांगितलं, बाई, वऱ्हाडात बायाही जातो-येतोच म्हणतात अन् कोणाचं काही अडत नाई. तर म्हणते, “ओके आई, थँक्यू.”

त्या थँक्यूचंच सांगाचं हाये.

देवमनजीनं पयल्यांदा आभार मानले ते विहारात. ते गेले होते सतरंज्या टाकाले. आभार द्यायचे होते एका गुरुजीले, पण त्या गुरुजीले पायजे होतं अध्यक्षपद, म्हून तो रुसला अन् आलाच नाई. समितीचे अध्यक्ष भगवंतराव. तवाही तेच होते, आताही तेच हायेत, मधात तीन खुर्च्या मोडल्या पण माणूस हालला नाई. ते वरडले, “अरे कोणी तरी माना आभार, भाजी जळून राहिली!” देवमनजी बाजूलेच उभे होते. जसे होते तसेच माईकपाशी गेले अन् पायाखाली जे दिसलं तिथून सुरू झाले. सतरंजी ज्याच्या घरची तो, बल्ब ज्यानं लावला तो, पाण्याचा ड्रम ज्यानं घासला तो. भगवंतरावाचं नाव सगळ्यात शेवटी आलं. भगवंतरावाचं तोंड उतरलं, पण ड्रम घासणारा म्हातारा तिथीच रडाले लागला. त्याचं नाव त्याच्या बापानं ठेवलं त्यानंतर कोणी जोरात घेतलंच नव्हतं.

तवापासून आभार म्हटले का देवमन.

आता तुमी म्हणान, एखांदं नाव राहिलं तर काय आभाळ कोसळते? आभाळ नाई कोसळत, मंडप कोसळते. चांदूर बाजारले एका मेळाव्यात दुसऱ्याच कोणी आभार मानले अन् मंडपवाल्याचं नाव खाल्लं. लोकं पंगतीले बसले, वरण वाढून झालं, अन् मंडपवाल्यानं एका कोपऱ्यातून दोर सोडाले सुरुवात केली. कापड आलं खाली, सिध्धं वरणात. लोकं धावले त्याच्या आंगावर, तर म्हणे, “मंडप कोणाचा हायेच नाई, मंग सोडला काय अन् राहिला काय.” पुढच्या साली चांदूरवाल्यायनं देवमनजीले न्यायले जीप पाठवली. नेलं जीपनं, आले एसटीनं. आभारवाल्याले वापस कोण सोडते?

त्यायचा एक नियम होता. नाव राहिलं तर कार्यक्रम संपत नाई. एकदा तिवश्याले कार्यक्रम करून एसटीत बसले अन् आठवलं, पाणी वाढणाऱ्याचं नाव राहिलं. उतरले. पायी वापस गेले. तिथी हॉलमध्ये एक माणूस खुर्च्या एकावर एक रचून राहिला होता, बाकी कुत्रंही नाई. माईकचा वायर निघाला होता. तर त्या बंद माईकसमोर उभं राहून नाव घेतलं, थँक्यू म्हटलं, मंग आले घरी. मी म्हटलं, आयकलं कोणी? म्हणे, “म्हटलं ना मी. आयकणं त्यायचं काम हाये.” असा येडा माणूस माह्या पदरात पडला.

अन् हे थँक्यू कुठून आलं तेही सांगतो. ‘आभार’ हा शब्द कानावर पडला का आपले लोकं उठते. बुडाखाली विंचू निघाल्यासारखे उठते अन् चपला शोधाले लागते. देवमनजीनं हे पायलं. अन् हेही पायलं का कोणाले ‘थँक्यू’ म्हटलं तर माणूस जिथल्या तिथी थांबते अन् मागं पायते, काहून का त्याले वाटते आपल्यालेच म्हटलं. झालं! मंग त्यायनं प्रत्येक नावाले एक-एक थँक्यू लावून देल्लं. “आचारी नत्थुजी, थँक्यू! लाऊडस्पीकरवाले शकीलभाई, थँक्यू!” लोकं एक पाय चपलेत अन् एक पाय सतरंजीवर ठेवून उभे. सगळे आभार आयकल्याबिगर कोणाले जेवाले जाता येईना. लोकं त्यायले थँक्यूवाले म्हणाले लागले. आमचं घर कुठी म्हणून इचारलं तर ऑटोवालाही सांगते, थँक्यूवाल्याच्या बाजूनं जा.

माणूस बाहेर असा, तर मीही या शब्दावर नजर ठेवून हाव. तो शब्द दिसते गरीब पण हाये बदमाश. बँकेतली पोरगी थँक्यू म्हणते, म्हणजे बाई हट, मागच्याले येऊ दे. गॅसचा नंबर लावाले फोन केला का मशीन म्हणते, तवा समजाचं का सिलिंडर काही येत नाई. आमचा पोरगा धम्मदीप पुण्याहून बोलता-बोलता म्हणते, म्हणजे त्याच्या बाजूनं फोन ठेवल्या गेला. जावई पोळीवर हात आडवा धरून म्हणतात, त्याचा अर्थ नोको असा हाये, पण आमी तो मानत नाई, वाढतो.

घरात मात्र हा शब्द आमच्यात चालत नाई. चालतच नव्हता कधी. बाजूची आशाबाई मले वाटीभर गोळ्याची कढी देते. मी काही म्हणत नाई, तीही थांबत नाई. पण वाटी वापस जाते तवा रिकामी जात नाई. शेंगदाणे टाका, ठेचा टाका, काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे टाका, पण रिकामी वाटी दारात नेऊन द्यायची नाई. ती वाटीच आमचं थँक्यू हाये. पंचवीस-तीस वर्षांपासून एक वाटी या घरातून त्या घरात फिरून राहिली, अन् आता ती कोणाची हाये हे मलेही आठवत नाई अन् आशाबाईलेही नाई.

लग्नानंतर माधवी थोडे दिवस इथी राहाले आली अन् पयल्याच हप्त्यात ती वाटी घासून-पुसून रिकामी देऊन आली. वर आशाबाईले म्हणाली, “थँक्यू काकू, छान होती कढी.” आशाबाई दुपारी माह्याकडं आली, ओट्यावर बसली अन् म्हणे, “काय झालं व दुर्गा? माहं काही चुकलं का?”

पोरगी मनानं चांगली हाये. घरूनच कंपनीचं काम करते, कानाले ते लावून. पण थँक्यू तोंडातून जात नाई. चहा दिला थँक्यू. पाणी दिलं थँक्यू. मिठाचा डबा सरकवला त्याचंही. एक दिवस माही सटकली. म्हटलं, “मी काय कॅन्टीन चालवून राहिली का व?”

“मग काय म्हणू आई?”

“काही म्हणू नोको. पी.”

“सॉरी.”

सॉरीचा तर वेगळाच विषय हाये, तो आज नोको.

आता माहं सांगतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी देवमनजी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसत अन् नावं पाठ करत. मी पोळ्या लाटत आयकत होती. एखांदं नाव सुटलं तर मी लाटणं वाजवत होती. कागद ते वापरत नव्हते. म्हणत, कागद पाहून थँक्यू म्हणणं म्हणजे उधारी वाचणं. असं करत-करत नावं मलेही पाठ झाली. कोण मंडपाचा, कोण बिछायतीचा, कोणाले साहेब म्हणाचं अन् कोणाले भाऊ. अन् सगळी नावं झाली का शेवटी ठरलेलं वाक्य. “अन् ज्ञात-अज्ञात ज्यायनं-ज्यायनं मदत केली, त्या सगळ्यायले थँक्यू.”

त्यायचा पांढरा सदरा मी धूत होती. इस्त्री मी करत होती. कार्यक्रमाहून उपाशी वापस येत, काहून का आभारानंतर एकेकाले भेटून हे पोचेपर्यंत पंगत उठलेली रायते, तवा पोळ्या मी गरम करत होती. म्हणजे मी त्या ज्ञात-अज्ञातात येतो. त्यातलं ज्ञात का अज्ञात, हे त्यायनं कधी सांगितलं नाई.

खोटं काहून बोलू? मले एकदा, फक्त एकदा, त्यायच्या तोंडून माईकवर माहं नाव आयकाचं होतं. ड्रम घासणाऱ्याचं घेते, वीजवाल्याचं घेते, अन् जिनं सदरा धुतला तिचं नाई? रिटायर झाले तवा ऑफिसात निरोप समारंभ होता. घरून निघतानी मी बोलूनच टाकलं. म्हटलं, आज माहंही नाव घ्या.

तर कपाळाले हात लावला. “येडी झाली का व? घरच्याले कोणी थँक्यू म्हणते? तू काय मंडपवाली हायेस?”

“मंडपवाली असती तर कवाचाच सोडला असता,” मी म्हटलं.

हासले. गेले. कलेक्टर ऑफिसच्या ड्रायव्हरपर्यंत नावं घेतली अन् शेवटी ज्ञात-अज्ञात. मी तिसऱ्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून. अन् जास्त बोलताही येईना, काहून का घरच्याले थँक्यू म्हणत नाईत, हे तर मीच सुनेले शिकवून राहिली होती.

मंग त्यायचा घसा बसला. सुरुवातीले म्हणे, कार्यक्रम जास्त झाले. मंग म्हणे, माईकची हवा लागली. खर्रा मात्र सुटत नव्हता. सुपारी-तंबाखू घोटलेली पुडी खिशात अन् घसा बसला म्हणून तोंडात खडीसाखर! महिना गेला, आवाज फुटक्या भोंग्यासारखा झाला. इथल्या डॉक्टरनं अकोल्याले पाठवलं. अकोल्याच्या डॉक्टरनं नळी घालून पायलं अन् म्हणाले, गाठ आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल.

देवमनजीनं इचारलं, “मंग बोलाचं कसं?”

“बोलता नाही येणार. पण जीव वाचेल, काका.”

“थँक्यू,” देवमनजी म्हणाले.

डॉक्टरले वाटलं, पेशंट समजदार हाये. मले समजलं का हे थँक्यू गॅसच्या मशीनवालं हाये. मी तिथीच रडली, डॉक्टरच्या टेबलावर डोकं ठेवून. मले त्यायच्या जिवाची भीती वाटत होती. अन् त्या भीतीच्या मागं दुसरी एक गोष्ट उभी होती, ती मी कोणाले सांगितली नाई. आवाज गेला म्हणजे माहं नावही गेलं.

अकोल्याले जुन्या शहरात माहं माहेर. माहा भाऊ डोमाजी मोर्णा नदीच्या पलीकडून रोज डबा घेऊन ये. धम्मदीपले सुट्टी भेटली नाई, माधवी सुट्टी टाकून आली. ऑपरेशनच्या सकाळी देवमनजीले हिरवा डगला घातला, स्ट्रेचरवर घेतलं. माधवीनं सगळ्यायले बाजूले सरकवलं अन् म्हणाली, “बाबा, आत जायच्या आधी आईशी काही बोलायचं असेल तर आत्ता बोला.”

पोरगी पुण्याची असली तरी बाईचंच काळीज हाये. मी पुढं झाली. पदर नीट केला. देवमनजी स्ट्रेचरवर उठून बसले. इकडं पायलं, तिकडं पायलं. पाच-सात माणसं उभी होती. मले तवाच समजाले पायजे होतं.

“सिस्टर, थँक्यू,” त्यायनं सुरू केलं. “सलाईन लावणारे दादा, थँक्यू. डबा आणणारे डोमाजी, थँक्यू. सुट्टी टाकून आलेल्या माधवीबाई, थँक्यू. बाजूच्या खाटेवरचे काका, ज्यायनं पंखा आमच्याकडं फिरवू देल्ला, थँक्यू. लाईन गेली नाई म्हून वीजवाल्यायले थँक्यू.” मंग स्ट्रेचर ढकलणाऱ्याकडं वळले. “आपलं नाव काय भाऊ?” तो म्हणे, देवीदास. “देवीदासभाऊ, थँक्यू. अन् ज्ञात-अज्ञात…”

तिथी आवाज फाटला. खोकला आला. खोकला थांबला तवा त्यायनं माह्याकडं पायलं अन् तोंड उघडलं. देवीदासभाऊले आतून कोणी तरी हाक मारली, त्यानं स्ट्रेचर ढकललं अन् दार लागलं. माह्या हातात त्यायच्या चपला राहिल्या.

काय बोलणार होते कोण जाणे. पाणी मांगत असतील तरी काय सांगावं? पण मले राग आला. जिवाची धाकधूकही होती अन् रागही होता, दोन्ही एकाच येळेस बाईच्या पोटात मावते. म्हटलं, मेल्या, लाईनीले थँक्यू म्हणालास!

जीव वाचला. आवाज गेला. घरी आले तवा गळ्याले भोक अन् त्यावर पांढरं फडकं. श्वास तिथूनच. ओठ हालत, पण आवाज काहीच नाई. चहा पायजे असला का चमच्यानं ताट वाजवत. धम्मदीपनं पुण्याहून पाटी-पेन्सिल पाठवली, लिहून सांगत जा म्हणून. पाटीले हात लावला नाई. हातानं मले समजावून सांगितलं का बोलाची गोष्ट बोलाचीच असते, लिहाची नसते. जिद्द तीच, आवाज तेवढा कमी.

घर कसं झालं म्हणता! संध्याकाळी स्टूल ओट्यापाशीच असे, देवमनजी त्यावर बसत, मी पोळ्या लाटत होती अन् कोणाचंच नाव निघत नव्हतं. लाटणं वाजवाचं काही कामच पडलं नाई. माधवी अधूनमधून पुण्याहून ये, चहाचा कप घेऊन थँक्यू म्हणे. मी तिले काही बोलत नव्हती. कोणी तरी तो शब्द या घरात बोलाले पायजे होता.

अन् मंग समितीनं देवमनजीचा सत्कार ठेवला. समाज मंदिरात. भगवंतराव घरी येऊन सांगून गेले, शाल हाये, नारळ हाये, रोडगे अन् वांग्याची भाजी हाये. देवमनजीनं पांढरा सदरा काढाले लावला. मी इस्त्री केली. दुसरं कोण करणार?

हॉल भरला. देवमनजी स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्याले फडकं, मांडीवर नारळ. माधवी वाढाले मदत म्हणून मागं गेली होती. मी अन् आशाबाई पुढच्या रांगेत. भगवंतराव बोलाले उभे राहिले. सत्कार देवमनजीचा अन् गोष्टी सगळ्या भगवंतरावाच्या, विहार त्यायनं कसा बांधला, रस्ता त्यायनं कसा आणला. भाजीचा वास याले लागला तसे लोकं चुळबुळ कराले लागले. भगवंतरावाच्याही नाकात तो गेला. म्हणाले, “आता राहिले आभार. तर ज्यायचं ते काम होतं त्यायचाच आज सत्कार हाये. येळही लय झाला. तवा आभार झाले असं समजून आपण सगळे जेवाले…”

आभार झाले असं समजून! लोकं उठलेही.

देवमनजीनं नारळ खाली ठेवला. उठले. भगवंतरावाले हातानं बाजूले सारून माईकपाशी गेले अन् माईक दोन्ही हातानं धरला. तोंड उघडलं. पयलं नाव शकीलभाईचंच असन, काहून का ते माईककडं पाहून सुरुवात करत. ओठ हालले. आवाज काहीच नाई आला. शकीलभाई मशीनपाशी बसले होते, त्यायनं सवयीनं आवाज वाढवला. तरी काहीच नाई. अर्धे लोकं उभे, अर्धे बसलेले, अन् सगळ्यायच्या माना खाली. कोणाच्यानं त्यायच्याकडं पाहवत नव्हतं. माह्याच्यानंही नाई.

मी कशी उठली हे मले सांगता येत नाई. आशाबाई म्हणते, तिनं माहा पदर धरला होता तर मी झटका मारून सोडवला. जल्मात मी माईकले हात लावला नव्हता. त्यायच्या हातातून घेतला. थंडगार होता. म्हटलं, “शकीलभाई, थँक्यू.”

माहा आवाज हॉलच्या त्या टोकाले जाऊन मलेच वापस आयकू आला. मीच दचकली. पण मंग खाली पायलं, सतरंजी दिसली, अन् गाडी लागली रस्त्याले. सतरंजीवाले, थँक्यू. खुर्चीवाले, थँक्यू. आचारी नत्थुजी अन् त्यायची मंडळी, रोडगे भाजाले गोवऱ्या ज्यायच्या घरून आल्या ते, पाणी भरणारे, झाडू मारणाऱ्या बाया, एकेक नाव घेऊन. पोळ्या लाटता-लाटता आयकलेलं सगळं पोटात होतं, ते येत गेलं. लोकं एक पाय चपलेत अन् एक सतरंजीवर, जसे त्यायच्या येळेस तसेच उभे. भगवंतरावाले सगळ्यात शेवटी घेतलं. मंग ते वाक्य आलं. ते तोंडात आलं अन् माही जीभ कडू झाली, पण रीत ते रीत. म्हटलं, “अन् ज्ञात-अज्ञात ज्यायनं-ज्यायनं मदत केली, त्या सगळ्यायले थँक्यू.”

टाळ्या वाजल्या. लोकं जे पळाले ते सिध्धे पंगतीत. मी घाम पुसला अन् मागं वळली तर देवमनजी एक बोट वर करून उभे.

एक नाव राहिलं.

कोण राहिलं? शालवाला? नाई. नारळ ज्यानं आणला तो? नाई. लाईटवाले? मान हालवली, नाई. मी म्हटलं, “अवो सांगा ना कोण! आता काय एसटीतून उतरून वापस याचं हाये का?” शकीलभाई माईक बंद कराले आले तर देवमनजीनं त्यायले हात आडवा केला अन् ते वर केलेलं बोट खाली आणून माह्याकडं केलं.

“मी?” मी म्हटलं. “मी घरची हाव ना.”

त्यायनं मान हालवली. नाई. माईककडं बोट केलं, मंग माह्याकडं, मंग परत माईककडं. नाव राहिलं तर कार्यक्रम संपत नाई. मले तो नियम माहीत होता, पण तो माह्यासाठीही हाये हे माहीत नव्हतं.

कोणी स्वतःचं नाव घेते का माईकवर? पण हा माणूस काही हालाले तयार नाई. मी माईक तोंडापाशी नेला. “दुर्गाबाई,” म्हटलं. मंग पूर्ण म्हटलं, “दुर्गाबाई देवमन तायडे.”

अन् थांबली. पुढचा शब्द मले म्हणताच येईना. स्वतःले कोणी तो म्हणत नाई.

देवमनजी जवळ आले. माह्या हातातला माईक आपल्या तोंडाकडं वळवला, तोंड उघडलं अन् ओठ हालवले. शकीलभाईनं वाढवलेला आवाज तसाच होता, तरी हॉलमध्ये काहीच आयकू आलं नाई. ते दोन अक्षरं मी समोरून पायली. मंग त्यायनं माईक शकीलभाईच्या हातात देल्ला, म्हणजे कार्यक्रम संपला.

मागं जेवाले गेलो तर पंगत उठत आली होती. माधवीनं मले ताट आणून देल्लं, त्यात रोडगा होता अन् वरण होतं, भाजी नव्हती. नत्थुजी भाजीचा रिकामा गंज दाखवून म्हणे, “बाई, कुठी राहिल्या होत्या? भाजी संपली.”

म्हटलं, “काय करू भाऊ, माईकवर माहं नाव चालू होतं.”